चार्ज दिला म्हणे, वॉचमनच्या हातून!

सकाळी साडेनऊला बेल वाजली. दारात वॉचमन, हातात किराण्याची पिशवी. "मॅडम, जुन्या सेक्रेटरीसाहेबांनी दिलंय." आत सोसायटीच्या किल्ल्या, शिक्का, चेकबुक, मिनिट बुक. झाला चार्ज! अकरा वर्षं सेक्रेटरी होता तुम्ही, दोन जिने उतरून यायला काय झालं? निवडणूक हरलात, मी काय तुमचं घर लुबाडलंय?

तेव्हापासून डोकं फिरलंय माझं.

अमेरिकेच्या राष्ट्राध्यक्षाचा शपथविधी लागला की सगळे नव्याकडे बघतात. पस्तीस शब्दांची शपथ, बायबल, तोफा, परेड. मी बघते शेजारी बसलेल्या जुन्याकडे. वीस जानेवारीच्या थंडीत कोट घालून, आपल्याला हरवणाऱ्यासाठी टाळ्या वाजवतोय बिचारा. त्याने हजर राहावं असं त्यांच्या घटनेत कुठेही नाही. तरी येतात. १९९३ मध्ये थोरले बुश हरले, पण जाताना क्लिंटनसाठी चिठ्ठी ठेवून गेले, की आता तुमचं यश तेच देशाचं यश. चिठ्ठी हो! आणि मला पिशवी.

बरं, तिथेही सगळे संत नाहीत, मान्य. १८०१ मध्ये जॉन अ‍ॅडम्स जेफरसनच्या शपथेआधीच पहाटे चारला घोडागाडीने गावाबाहेर. १९५३ मध्ये आयझेनहॉवर ट्रुमनना न्यायला व्हाइट हाउसच्या दारात आले आणि गाडीतच बसून राहिले, कॉफीलासुद्धा आत गेले नाहीत. म्हणजे नवेही रुसतात. २०२१ ला ट्रम्प तर सोहळ्याआधीच फ्लोरिडाला. पण चिठ्ठी त्यांनीही ठेवली होती बायडेनसाठी. ट्रम्पनी!! आमच्या साहेबांना एक ओळ जमली नाही.

आपल्याकडे काय देखणी पद्धत आहे बघा. सेंट्रल हॉलमध्ये सरन्यायाधीश शपथ देतात आणि मग जुने-नवे राष्ट्रपती खुर्च्या बदलतात. २५ जुलै २०१२ ला आपल्या जळगावच्या प्रतिभाताई उठल्या, त्या खुर्चीत प्रणवदा बसले. दोन पावलांचं काम. (तिथे कोणी कोणाला हरवलेलं नसतं म्हणून सोपं जातं, असं आमचे हे म्हणाले. असेल.)

दुपारी जरा शांत झाले. टँकरच्या वर्षी रात्री दोनला हाच माणूस बनियनवर, हातात टॉर्च घेऊन खाली उभा असायचा. आम्ही खिडकीतून बघून परत झोपायचो. मीसुद्धा. पण म्हणून पिशवी?

आत्ता पाणी सोडायला पंपाची किल्ली काढली. तिला चिकटपट्टी लावलीय, वर त्यांच्या बारीक अक्षरात लिहिलंय : 'कुलूप अडकतं. आधी थोडं वर उचला, मग फिरवा.'