एआय कोणाचा व्हेंटिलेटर काढत नाही

ऐरोली-घणसोलीच्या सोसायटी ग्रुपांवर मेसेज फिरतोय: "आयसीयूत आता एआय ठरवतं, कोणाचा व्हेंटिलेटर काढायचा." हे चुकीचं आहे. मी आयसीयूतच काम करते. मशीन लर्निंगची मॉडेल्स, म्हणजे जुन्या रुग्णांच्या माहितीवरून शिकलेले एआय प्रोग्राम, फक्त अंदाज देतात: हाय-फ्लो ऑक्सिजन (नाकातून जोराच्या प्रवाहाने दिलेला) पुरेल, की श्वासनळीत नळी घालून व्हेंटिलेटर लावावा लागेल?

असा हिशेब कागदावरही होतो. रॉक्स इंडेक्स घ्या: रक्तातल्या ऑक्सिजन सॅच्युरेशनला (टक्क्यांत) दिलेल्या ऑक्सिजनच्या प्रमाणाने भागा (५० टक्के म्हणजे ०.५), मग मिनिटाच्या श्वासांनी. ९२ भागिले ०.५, भागिले ३०, म्हणजे सुमारे ६.१. न्यूमोनियात ४.८८ किंवा जास्त आला तर नळी टळण्याची शक्यता अधिक. कमी आला तर उपचार थांबत नाहीत, उलट वाढवतात. कारण नळीला उशीर होणं जास्त धोक्याचं. निर्णय डॉक्टरांचाच.

असले मेसेज वाचून नातेवाईक नळी घालायला संमती द्यायला कचरतात. कृपया तो फॉरवर्ड करू नका.