शिट्टी माझी, फुंकली काकांनी

परवा दोन तासांच्या ट्रेकवर एक अनोळखी मुलगा माझ्यावर "जरा जबाबदारीने वागा" म्हणून खेकसला, आणि तेव्हा मी अंगावर अख्खं सर्व्हायव्हल किट चढवून उभा होतो.

किट मीच जमवलेलं. सॅक दरीत गेली तरी अंगावरचं अंगावर राहतं, एवढा साधा हिशोब. मनगटावर पॅराकॉर्डचा, म्हणजे पॅराशूटला असते तसल्या बारीक दोरीचा, विणलेला पट्टा (५५० नंबरची दोरी, साधारण २५० किलो पेलते), गळ्यात शिट्टी, खिशात घडीचं चंदेरी इमर्जन्सी ब्लँकेट, कॉलरला आतून दोन सेफ्टी पिना. बटणाएवढं होकायंत्रही होतं, पण फोनशेजारी ठेवलं की त्याची उत्तर दिशा म्हणजे फोनच, म्हणून काढून टाकलं.

तर उतरताना बुटाचा सोल सुटला. बूट वर्षानुवर्षं कपाटात पडून राहिले की न वापरताही आतला फोम दमट हवेने भुसभुशीत होतो, आणि हे मला आधीपासून माहीत होतं, जाऊ दे. उलट मी खूशच झालो, की चला, आला एकदाचा प्रसंग! सोल बांधायला दोरी हवी, म्हणून पट्टा उसवायला बसलो. व्हिडिओत तो झर्रकन सुटतो. माझ्या पट्ट्याची टोकं मीच लायटरने वितळवून चिकटवलेली, आणि चाकू घरी, कारण मिनिमल. मग दात लावले.

तेवढ्यात एक काका येऊन थांबले.

"दात दुखतोय?"

"नाही काका, दोरी सोडतोय."

"मग बांधलीत कशाला?"

आणि शेजारी बसलेच. ब्लँकेटची घडी उचलून उलटीपालटी केली. म्हटलं, रात्री अडकलो तर अंगाची ऊब अंगाकडेच परत फिरवतं. "पण तुम्ही दुपारी घरी पोचणार ना?" म्हटलं, हो, पण समजा... "समजा कशाला? पोचा की." मग शिट्टीकडे बघून, "रेफ्री आहात का?" मी आपला शहाणपणाने म्हणालो, काका, ओरडून घसा बसतो, शिट्टी बसत नाही.

हे मात्र त्यांना नको इतकं पटलं. "आमची मंडळी पुढे गेलीत, थांबा," म्हणत त्यांनी दोरीसकट, म्हणजे माझ्या मानेसकट, शिट्टी तोंडाशी ओढली आणि फुंकली. परत फुंकली. मी "तिसरी नको, तिसरी नको" म्हणतोय तोवर तिसरी.

बऱ्याच डोंगरांत तीन शिट्ट्या म्हणजे 'वाचवा'. आल्प्समध्ये मिनिटाला सहा लागतात, तिथे असतो तर निभावलं असतं.

खालून दोन मुलं फर्स्ट एडची पिशवी घेऊन धापा टाकत आली. "कोण पडलं?" काकांनी माझ्याकडे बोट केलं, "यांची शिट्टी." मग मला लेक्चर, की गंमत म्हणून शिट्टी वाजवायची नसते, खरी वेळ आली की कोणी येत नाही वगैरे. शब्दन् शब्द बरोबर, मी स्वतः दुसऱ्यांना हेच सांगतो! आणि काका मान डोलावतायत. मला खरा राग याचा आहे, की जो रिकाम्या हाताने फिरतो तो अनुभवी आणि जो चार वस्तू घेऊन निघतो तो नाटकी.

सोल त्यातल्या एका मुलाने डक्ट टेपने बांधून दिला, अर्ध्या मिनिटात. त्याने ती पाण्याच्या बाटलीलाच गुंडाळून ठेवली होती. माझ्याही बाटलीला होती, पण आदल्या रात्री बरी दिसत नाही म्हणून मी सोलून काढली.

पट्टा शेवटी घरी आल्यावर सुटला. कात्रीने. शिट्टी अजून साबणाच्या पाण्यात आहे.