यजमान गेले? आधी शिंपीणबाईंना बोलावणं धाडा

बाईसाहेब, तुम्ही एकोणिसाव्या शतकातल्या लंडनमध्ये आहात आणि तुमचे यजमान नुकतेच गेले आहेत. रडायला पुढे वेळच वेळ आहे. आधी रीजंट स्ट्रीटवरच्या 'जेज'ला निरोप पाठवा. 1841 पासून हे दुकान दुखवट्याच्या कपड्यांवर चालतंय, आणि छान चालतंय. या धंद्यात गिऱ्हाइकाची वाण पडत नाही.

कापड क्रेपच घ्या. मुद्दाम तेज काढून घेतलेलं, सुरकुतलेलं, खरखरीत रेशीम. चकाकतं काही घातलंत तर शेजारणी म्हणतील, सुटली बिचारी! पावसात मात्र बाहेर पडू नका (लंडनमध्ये आहात, म्हणजे घरातच बसा). भिजला की क्रेप बिघडतो, शिवाय त्याचा काळा रंग अंगाला लागतो.

मुदत नीट पाळा. वर्ष आणि वर एक दिवस कडक शोक. मग क्रेप हळूहळू कमी करायचा आणि दोनेक वर्षांनी करड्या, फिक्या जांभळ्या रंगांवर यायचं. दुःख आधीच ओसरलं तरी कुणी विचारणार नाही. क्रेप आधी उतरला तर गावभर होईल. पत्राच्या कागदाची काळी किनारही सुरुवातीला रुंदच हवी, बारीक व्हायची ती टप्प्याटप्प्याने.

जास्तीचा शोक मात्र सगळ्यांना आवडतो. राणी व्हिक्टोरियांचे यजमान आल्बर्ट 1861 मध्ये गेले. 1901 मध्ये स्वतः जाईपर्यंत राणीसाहेब काळ्यातच राहिल्या. वर आल्बर्टच्या खोलीत दाढीचं गरम पाणी रोज नेऊन ठेवलं जाई. तेवढे नोकर नसतील तर व्हिटबी गावच्या 'जेट' नावाच्या काळ्याभोर खड्यांचा हार घ्या, आणि लॉकेटसाठी यजमानांचे केस. केस शवपेटी बंद होण्याआधी मागा, नंतर मागणं बरं दिसत नाही.

शोक सरला की क्रेप घरात ठेवू नका, अशुभ असतो म्हणे. पुढच्या मयताला नवा घ्यायचा. हे ऐकून दुकानदार हळहळल्याचं ऐकिवात नाही.

आणि तुमच्याऐवजी तुमचे यजमान मागे राहिले असते तर? काळा सूट त्यांच्याकडे होताच. हॅटला काळी पट्टी, हातात काळे मोजे, की निघाले कामावर. मनात आलं तर लवकरच दुसरं लग्नही. मग तुमच्या आईवडिलांपैकी कुणी गेलं, तर काळे कपडे नव्या बाईंनी घालायचे.