"कोंदिस्योनेल पासे सोडून द्या" म्हणणाऱ्या त्या पोस्टला उत्तर

भाचीने परवा एक पोस्ट फॉरवर्ड केली आणि खाली लिहिलं, "मावशी, मग हे सोडून देऊ ना?" तिची देल्फ बी-२ ची, म्हणजे फ्रेंचच्या वरच्या पायरीची, परीक्षा तोंडावर आलीय, म्हणून हे इतकं सविस्तर लिहितेय, नाहीतर असल्या पोस्टी रोज येतात.

पोस्टमध्ये काय आहे ते आधी सांगते. फ्रेंचमधला कोंदिस्योनेल पासे, म्हणजे आपलं "गेलो असतो, केलं असतं", यावर वेळ घालवू नका म्हणे. का तर, एक, फ्रान्समध्ये तो कोणी बोलत नाही. दोन, बनवायला किचकट आहे (आणि खाली घाबरवायला "ज्यूस मांझे" वगैरे रूपांचं भलंमोठं टेबल). तीन, अगदी बनवायचाच तर सगळ्या क्रियापदांना डोळे मिटून 'ओरे' लावा ('ओरे' म्हणजे आव्हुआर या सहायक क्रियापदाचं रूप, आपल्या 'असतो-असतं'च्या जागी येणारं). चार, 'सी' म्हणजे 'जर', त्याच्या नंतरही तेच रूप टाका, मराठीत दोन्हीकडे 'असतं' येतं तसं. आणि पाच, पेपरात 'ओरे' दिसलाच तर साधा भूतकाळ समजून पुढे जा.

पाचव्यापासून सुरू करते, कारण बाकीच्यांनी फार तर मार्क जातील, याच्याने माणसाचं नाव खराब होऊ शकतं.

समजा फ्रेंच पेपरात मथळा आहे, "ल मिनिस्त्र ओरे देमिस्योने". याचा अर्थ मंत्र्यांनी राजीनामा दिला असा नाही. मंत्र्यांनी राजीनामा दिल्याचं समजतं, असा आहे. पेपर सांगतोय की आमच्यापर्यंत अशी खबर आलीय पण ती खरी असल्याची जबाबदारी आम्ही घेत नाही. मराठीत यासाठी आपल्याकडे 'समजतं' आहे, 'कळतं' आहे, 'म्हणे' आहे, 'कथित' आहे, फ्रेंचमध्ये हे सगळं काम क्रियापदाचं रूप करतं. ते एक 'ओरे' वाचताना गाळलंत की अफवेची पक्की बातमी झाली. आणि यात दुसऱ्या बाजूनेही फसायला होतं, ते त्या पोस्टवाल्याला माहीतच नसावं. ज्याने नुकतंच "गेलो असतो" शिकलंय तो हेच वाक्य "मंत्र्यांनी राजीनामा दिला असता" असं वाचतो, म्हणजे दिलाच नाही! एकच वाक्य, एकजण म्हणतो दिला, दुसरा म्हणतो नाही दिला, आणि पेपर म्हणतोय की नक्की माहीत नाही. ओळखायचं कसं तर आजूबाजूला बघायचं, कुठे 'सी' आहे का, काही अट घातलीय का, ती नसेल आणि त्याऐवजी 'सलों', म्हणजे 'अमक्याच्या म्हणण्यानुसार', असं काही असेल तर हा बातमीतला कोंदिस्योनेल आहे. फ्रेंच टीव्हीवर मोठी घटना घडत असताना निवेदक स्वतः बजावतात, "ल कोंदिस्योनेल रेस्त द मीझ", म्हणजे अजून काही पक्कं नाही, जपूनच बोलायचंय. व्याकरणातल्या एका रूपाचं नाव घेऊन प्रेक्षकांना सावध करतात लोक, आणि आपल्याला सांगितलं जातंय की ते रूप बघूच नका.

आता हेच "लॅंसांदी ओरे फे त्र्वा मोर" या वाक्याला लावून बघा. आगीत तीन जण दगावल्याचं सांगितलं जातंय, आकडा अजून पक्का नाही. पॅरिसला शिकायला गेलेला किंवा माँट्रियालला नोकरीला असलेला आपला कोणी हे वाचून घरच्या ग्रुपवर "तीन गेले" असं टाकतो. त्याहून वाईट म्हणजे गुन्ह्याची बातमी. "इल ओरे फ्रापे सा व्वाझिन", त्याने शेजारणीला मारल्याचा आरोप आहे. आरोप. पोस्टच्या सल्ल्याने वाचलं तर त्याने मारलं, विषय संपला. फ्रान्सच्या सिव्हिल कोडच्या कलम ९-१ मध्ये निर्दोष मानलं जाण्याचा हक्क प्रत्येकाला दिलाय, म्हणून तर पेपरवाले असं जपून लिहितात.

बरं, नुसता 'ओरे' लावला की पेपर सुटला असंही नाही. फ्रान्सचा १८८१ चा प्रेसचा कायदा आहे, त्याचं कलम २९ आज लागू असलेल्या शब्दांत वाचा. त्यात स्पष्ट म्हटलंय की बदनामीकारक मजकूर शंकेच्या रूपात मांडला तरी तो शिक्षेला पात्र आहे. शंकेचं रूप म्हणजे फक्त कोंदिस्योनेल नाही, 'असं ऐकतो', 'असेल का' हे सगळं त्यात आलं, पण "त्याने पैसे खाल्ल्याचं समजतं" या थाटाचं 'ओरे'वालं वाक्य त्यातला अगदी ठळक नमुना. म्हणजे निवेदक ते वापरतात, वाचक त्यावरून बातमी किती पक्की ते ठरवतात, आणि थेट नाव न घेता का होईना, कायदाही त्याचा विचार करतो. जे कोणी वापरतच नाही त्यासाठी कलमात अशी तरतूद कोण करेल? पहिल्या मुद्द्याचंही उत्तर यातच आलं खरं तर.

तरी पहिल्याबद्दल थोडं. कोणी बोलत नाही म्हणे. "जोरे द्यू", मी करायला हवं होतं ('ज' म्हणजे मी, 'ओरे'ला जोडून 'जोरे'). "त्यू ओरे प्यू म ल दीर", मला सांगता नसतं आलं का तुला? "इल ओरे फाल्यू", व्हायला पाहिजे होतं. फ्रेंच घरात एक दिवस राहा, ही तिन्ही ऐकल्याशिवाय झोपणार नाही तुम्ही. ऑफिसात, दुकानात काही विचारायचं असेल तर "जोरे व्हुल्यू अँ रांसेन्यमां", जरा माहिती हवी होती. आपणसुद्धा नम्रपणे मागताना "हवं होतं" असंच म्हणतो ना, मागे सरकून?

आता 'सी'. हा मुद्दा आपल्या मुलांना जास्त नडतो कारण मराठी खरंच तिकडे ढकलते. "मला माहीत असतं तर मी आलो नसतो", दोन्हीकडे असतं-नसतं. फ्रेंचमध्ये "सी जाव्हे स्यू, ज न सरे पा व्हन्यू". 'सी'च्या बाजूला 'आव्हे', म्हणजे प्लुस-क-पार्फे (भूतकाळाच्याही मागचा भूतकाळ), आणि परिणामाच्या बाजूला 'ओरे' किंवा त्याचा जोडीदार 'सरे'. फ्रेंच मुलांना शाळेत हे घोकवलं जातं, "ले सी नेम पा ले रे", 'सी'ला 'रे' (ओरे-सरेतला शेवटचा) आवडत नाही. एक मान्य करावं लागेल, "सी जोरे स्यू" म्हणणारे फ्रेंच लोक आहेत, लहान मुलं तर सर्रास म्हणतात आणि काही मोठेही. पण तिथेच त्यांना कोणीतरी टोकतं, आणि लेखी परीक्षेत तर ती सरळ चूक आहे. परदेशी विद्यार्थ्याने तीच चूक मुद्दाम शिकून जायची, याला काय म्हणायचं मला कळत नाही.

याच्या उलट टोकाला जाऊन 'सी'नंतर 'रे' कधीच नाही असंही धरून बसू नका. 'सी'चा अर्थ 'की नाही' असा असेल तर चालतं, "ज न से पा सिल ओरे आक्सेप्ते", त्याने मान्य केलं असतं की नाही मला माहीत नाही. आणि परिणाम आत्ताचा असेल तर दुसऱ्या बाजूला पासेच पाहिजे असंही नाही, "सी जाव्हे प्री ल त्रँ, ज सरे देझा ला", ट्रेनने आले असते तर आत्तापर्यंत पोचलेले असते, इथे नुसता कोंदिस्योनेल प्रेझां, म्हणजे त्याचं वर्तमानातलं रूप. पुस्तकात दोन्ही बाजू भूतकाळातल्या असलेलीच उदाहरणं जास्त असतात म्हणून मुलं इथे गडबडतात.

सगळ्यांना 'ओरे' लावा, हा तिसरा. नाही. पासे कोंपोझेला, म्हणजे नेहमीच्या बोलण्यातल्या भूतकाळाला, ज्यांना एत्र ('असणं' हे दुसरं सहायक क्रियापद) लागतं त्यांना इथेही एत्रच, म्हणजे 'सरे'. जाणं, येणं, निघणं, पोचणं, थांबून राहणं, जन्मणं, मरणं आणि कोशात आधी 'स' असणारी सगळी क्रियापदं ('मी'साठी त्या 'स'चा 'म' होतो). "ज म सरे त्रोंपे", माझी चूक झाली असती. काही क्रियापदं दोन्हीकडे जातात आणि अर्थ बदलतो, "ज सरे सोर्ती" म्हणजे मी बाहेर पडले असते, "जोरे सोर्ती ला व्वात्यूर" म्हणजे मी गाडी बाहेर काढली असती. एत्र असलं की बहुतेकदा कर्त्याप्रमाणे लिंग-वचन बदलतं, आणि मराठी माणसाला याचं अवघड वाटायचं काही कारणच नाही, "गेला असता, गेली असती" आपण रोज बोलतो. फ्रेंचमध्ये बरेचदा ते ऐकू येत नाही, फक्त लिहिताना जादा अक्षर येतं, पण "एल सरे मोर्त", ती मेली असती, यामध्ये शेवटचा 'त' स्पष्ट ऐकू येतो.

किचकटपणाचं म्हणाल तर पार्तिसिप पासे, म्हणजे 'मांझे', 'सोर्ती' ही 'खाल्लं', 'निघालं' सारखी रूपं, तुम्ही ए-२ ला, म्हणजे खालच्या पायरीलाच, शिकलेले असता. नवीन फक्त आव्हुआर आणि एत्रचा कोंदिस्योनेल. लिहायला सहा पुरुषांचे प्रत्यय, पण उच्चार तीनच, ओरे, ओरिओं, ओरिए, कारण मी, तू, तो आणि ते चौघांचा 'ओरे' सारखाच ऐकू येतो. खरी अडचण ऐकताना येते, कारण भविष्यातला "कां जोरे फिनी", माझं झालं की, यातला 'जोरे' आणि आपला 'जोरे' बऱ्याच फ्रेंच लोकांच्या तोंडून एकसारखाच निघतो. तिथे आधी 'कां', म्हणजे 'जेव्हा', होता की 'सी'चं वाक्य होतं यावर कान ठेवायचा. पोस्टमध्ये यावर एक ओळ नाही.

राहिलं ते टेबल. "ज्यूस मांझे" हे त्याचं दुसरं रूप, जुन्या आणि साहित्यिक लिखाणातलं, आणि ते आज कोणी बोलत नाही हे मात्र पोस्टवाल्याचं बरोबर आहे. बी-२ साठी ते लिहायचंही नाही आणि पाठही करायचं नाही, जुनं काही वाचताना समोर आलं तर 'जोरे मांझे'च आहे हे ओळखता आलं की झालं. भाचीला तेवढं एक पान फाडून टाकायला सांगितलंय.