जिंकलेली मॅच परत कोण बघतं?

फायटिंग गेम खेळायला लागलं की पहिला झटका हा बसतो की दोष द्यायला टीममेटच नाही. पाच-पाच जणांच्या गेममध्ये हरलो तर बाकीचे चार हक्काचे असतात, इथे समोर एक आणि इकडे आपण. मग बिचारं इंटरनेट, मग कंट्रोलरचं बटण, आणि अगदीच काही नाही सापडलं तर त्याचं कॅरेक्टरच ओव्हरपॉवर्ड (तेच कॅरेक्टर मी घेतलं की त्याची पॉवर कुठे जाते देव जाणे).

पण हरल्यावर निदान रिप्ले तरी बघतो आपण, रागारागाने का होईना. जिंकल्यावर कोण बघतंय? आणि खरी भानगड तिथेच आहे.

खाली पडलो की उठता उठता शोर्युकेन (स्ट्रीट फायटरमधला हवेत उसळी घेत मारायचा ठोसा), हा माझा लाडका डाव. खालच्या रँकला मस्त चालतो, कारण समोरचाही घाईत असतो, आपण उठायच्या आत मारायला धावतो आणि उडतो. मॅच जिंकली, पॉइंट वाढले, मी खुश. मग जरा वर गेल्यावर असा एक प्राणी भेटला जो काहीच करत नव्हता, नुसता ब्लॉक धरून बसलेला, मी आपला हवेत, तो खाली निवांत वाट बघतोय, आणि मी खाली आलो की अख्खा कॉम्बो, म्हणजे एकामागोमाग फटक्यांची माळ. परत पडलो, परत उठलो, परत शोर्युकेन! डोकं नको म्हणतंय पण अंगठा ऐकेल तर शपथ.

त्यानंतर जुन्या जिंकलेल्या मॅचचे रिप्ले काढले तर काय, तिथेही माझा शोर्युकेन बऱ्याचदा ब्लॉक झालेलाच होता, फक्त समोरच्याला पुढे काय करायचं ते सुचत नव्हतं, एखादी चिल्लर लाथ मारून सोडून द्यायचा. आणि एका हरलेल्या मॅचमध्ये त्याची प्रत्येक उडी मी हवेतच पकडली होती, शेवटी एक थ्रो (धरून आपटणं) ओळखता आला नाही म्हणून गेली. म्हणजे हरलो तेव्हाच बरा खेळलो होतो. हे पचायला जड गेलं बरं का.

२००४ च्या इव्होमधला, म्हणजे फायटिंग गेमच्या मोठ्या स्पर्धेतला, जपानी खेळाडू दाइगो उमेहाराचा तो पॅरीचा (नेमक्या क्षणी फटका झटकून टाकायचा, लाइफ अजिबात जात नाही) व्हिडिओ सगळ्यांनी बघितलाय, लाइफ इतकी कमी की नुसतं ब्लॉक केलं तरी (अशा मोठ्या फटक्यांत ब्लॉक करूनही थोडी जातेच) खेळ खल्लास, आणि त्याने समोरच्या जस्टिन वाँगच्या चुन-ली या कॅरेक्टरचा अख्खा सुपर (सगळ्यात जबर हल्ला) एकेक फटका करत पॅरी केला. ती मॅच दाइगोने जिंकली, पुढे फायनलमध्ये मात्र तो हरला. ती फायनल कोणी शेअर करताना दिसतंय का? लोकांना काय, जिंकलेलंच गोड लागतं, मलाही लागतं.

तरी हल्ली जिंकलो की रिप्ले लावतोच. कालच्या विजयात समोरचा अर्धा राउंड जागचा हललाच नव्हता, बहुतेक कोणीतरी दार वाजवलं असावं. पॉइंट मी ठेवून घेतलेत.