फियाट घ्यावी तर पुरातलीच

प्रीमियर पद्मिनी, म्हणजे आपली जुनी फियाट, घ्यायचं मनाने घेतलंय ना? मग कोरड्या गावातल्या, एकहाती वापरलेल्या, डॉक्टरसाहेबांच्या गाड्या बघत हिंडू नका. त्यात काय मजा? सरळ कोल्हापूर गाठा. राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगेची धोक्याची पातळी ४३ फूट. २०१९ आणि २०२१ च्या पुरात नदी ५५ फुटांच्या वर गेली होती. तेवढ्यात किती शेड, किती तळघरं आणि किती फियाटी बसल्या असतील, विचार करा. चिपळूणची वाशिष्ठी झपाट्याने येते तशी ओसरतेही. पंचगंगेला मुळीच घाई नसते. त्यामुळे इथली गाडी लोणच्यासारखी मुरून मिळते.

गाडी बघायला संध्याकाळी जा. उजेड कमी असला की रंग खुलतो. विकणारा सांगेल, "साहेब, पाणी निस्तं टायरपतूर आलतं ओ!" विश्वास ठेवा. आतला मॅट उचलू नका. दरवाज्याच्या आतलं पॅनेल खोलायला सांगू नका, त्यामागे पत्र्यावर गाळाची आडवी रेघ असते, ती बघून उगाच मन खट्टू होतं. सीटचे नटबोल्ट, डिकीतली स्टेपनीची खोबण, डॅशबोर्डच्या मागची वायरिंग या सगळ्या पाहुण्याने डोकावू नये अशा जागा. गाडीत कापूर आणि सेंट यांचा मिळून घमघमाट येत असेल तर मालक धार्मिक आहे असं समजा. आणि खिशात लोहचुंबक घेऊन जाण्याचा क्षुद्रपणा तर अजिबात नको. गंजाची भोकं बुजवलेल्या पुट्टीवर तो चिकटत नाही, मग दोघांनाही अवघडल्यासारखं होतं.

"चासी एकदम कडक हाय," असं ऐकलं की मान डोलवा. पद्मिनीला वेगळी चासीच नसते, ही माहिती त्या क्षणी काढू नका. जिच्यावरून ती बनली त्या फियाट ११०० डी पासूनच बॉडी आणि बूड एकसंध. गाडीचा सगळा भार पेलतात ते दरवाज्यांखालचे पत्र्याचे बंद पोकळ खण. नदीचा गाळ नेमका तिथे जाऊन बसतो, दर पावसाळ्यात ओल धरतो आणि पत्रा आतून खातो. बाहेरून रंग ताजा, चकचकीत. पहिल्यांदा पंक्चर झाली की तुम्ही जॅक लावाल. जॅक वर जाईल, गाडी जाणार नाही. चासी नसली तरी चासी नंबर मात्र आहे बरं का. आरटीओत त्याचा पेन्सिलीने ठसा घेतात. त्यामुळे बाकी सगळं गंजलं तरी चालेल, तेवढा आकड्यांचा चतकोर पत्रा जपा.

आता इंजिन. १०८९ सीसी, चार सिलिंडर. कित्येक महिने बंद असलेल्या गाडीचे प्लग काढायचे, सिलिंडरमध्ये डिझेल सोडून ठेवायचं, ऑइल काढून ते पाणी मिसळून दुधाळ झालंय का बघायचं आणि मग इंजिन हाताने फिरवून बघायचं, ही सगळी संशयी माणसांची लक्षणं. तुम्ही नवी बॅटरी लावा आणि मारा सेल्फ! पाणी दाबलं जात नाही हे शाळेत शिकवतात, पण शाळेतलं कुणाच्या लक्षात राहतं? सिलिंडरमध्ये उरलेल्या पाण्यावर पिस्टन आदळतो, कनेक्टिंग रॉड वाकतो आणि 'टक्' असा छोटासा आवाज येतो. या आवाजाची किंमत गाडीच्या किमतीपेक्षा जास्त असते. विकणाऱ्याने हसतमुखाने पैसे का कमी केले तेही त्याच वेळी कळतं.

तरीही एक गोष्ट कबूल करायलाच हवी. नव्या गाडीत पाणी शिरलं की तिचा कॉम्प्युटर जातो, एअरबॅगचे दिवे लुकलुकतात, विम्याचा सर्व्हेअर येतो, 'टोटल लॉस' असा शिक्का मारतो आणि मालक दोन अश्रू ढाळून सुटतो. पद्मिनीत कॉम्प्युटर नाही. पॉइंट, कंडेन्सर, कॉइल, कार्ब्युरेटर. पुसा, वाळवा, घासा, लावा. तिच्यात दुरुस्त न होणारं असं काहीच नाही, आणि तुमचा घात तिथेच आहे. तिला 'संपली' असं सांगणारा कुणी भेटतच नाही. विमा असतो थर्ड पार्टीचा, तो पुराचा एक पैसा देत नाही. म्हणजे सर्व्हेअरही नाही, शिक्काही नाही, सुटकाही नाही.

त्यातून तुम्ही आलात कोल्हापुरात. उद्यमनगरात लेथ आहेत, जवळपास फाउंड्र्या आहेत. बुश मिळत नाही? करून देतात. क्रँक घासून मिळतो, सिलिंडर बोअर होतो, लायनर बसतो. डिफरन्शियलमध्ये ऑइलऐवजी चहा निघाला तरी मिस्त्री शांत. तुम्ही घाबरत विचाराल, "होईल ना?" तो गाडीभोवती एक चक्कर मारेल, टायरला हलकी लाथ घालेल आणि म्हणेल, "करूया की!" या दोन शब्दांनी महाराष्ट्रातली जेवढी कुटुंबं खर्चात गेली असतील तेवढी लग्नांनीही गेली नसतील. कधी होईल हे विचारू नका. फार घाई झाली तर तो पितळी बुश हातात धरून उन्हात फिरवेल आणि आधीच्या कारागिराच्या आईवडिलांबद्दल बोलेल. तोवर तुमचा प्रश्न विरघळलेला असतो.

ब्रेकचं काम शेवटी ठेवा. चारही चाकांना ड्रम, आत गंजून गच्च बसलेले व्हील सिलिंडर. गाडी हलतच नाही म्हटल्यावर थांबवायची चिंता आत्ताच कशाला? वायरिंगचंही तसंच. तांबं आवरणाच्या आतून हिरवं पडत जातं, त्यामुळे डावा इंडिकेटर दिला की हॉर्न वाजतो. पुण्याच्या वाहतुकीत दोन्हीचा अर्थ एकच.

स्पेअरसाठी कुर्ल्याला जाल. एकेकाळी मुंबईतल्या हजारो काळ्यापिवळ्या पद्मिनी मोडून तिथे दरवाज्यांच्या, ग्रिलच्या, हेडलाइटच्या थप्प्या लागायच्या. आता वीस वर्षांची वयोमर्यादा संपून शेवटची पद्मिनी टॅक्सीही ऑक्टोबर २०२३ मध्ये रस्त्यावरून उतरली. त्यामुळे जो टेललाइट भंगारात तोलून मिळायचा तो हल्ली 'अँटीक' म्हणून फडक्यात गुंडाळून दाखवतात. घासाघीस करू नका, दुकानदार तुमचा चेहरा वाचून भाव ठरवतो आणि तुमच्या चेहऱ्यावर सगळं लिहिलेलं आहे. खर्चाची वही ठेवायची हौस असेल तर ठेवा, पण पानाखाली बेरीज करू नका. घरी कुणी विचारलं तर "काकांची अशीच होती" म्हणा. प्रत्येकाच्या एका तरी काकांची होतीच.

काम अर्ध्यावर आलं की कुणीतरी हितचिंतक सुचवेल, मारुतीचं इंजिन टाकून मोकळा हो. हे मात्र ऐकू नका. कारण जुलै २०२१ पासून केंद्राचे व्हिंटेज गाड्यांचे नियम आले आहेत. गाडी पन्नास वर्षांची हवी, मूळ रूपातली हवी, बॉडी-इंजिनात मोठा बदल केलेला नको. नोंदणीची फी २०,००० रुपये, नंबरप्लेटवर दिमाखात 'व्हीए' ही अक्षरं. तुमची १९८३ ची असेल तर २०३३ मध्ये पात्र होईल. मिस्त्रीचा वेग बघता दोन्ही कामं एकदमच उरकतील.

त्या नोंदणीवर रोजच्या वापराला बंदी आहे म्हणून हिरमुसू नका. प्रदर्शनाला आणि रॅलीला नेता येते. शिवाय पेट्रोल भरायला आणि दुरुस्तीला नेण्याचीही कायद्याने मुभा आहे, आणि या गाडीतून तुम्ही तिसरीकडे कुठे जाणारच नव्हता.