टाकी फुल्ल करा, कारण मागाहून विचारा

पेट्रोलचा तुटवडा आपोआप येतो, हा मोठा गैरसमज आहे. संपावर गेलेले टँकरवाले फार तर नारळ फोडून देतात. पुढचं सगळं कार्य तुम्हाआम्हालाच तडीस न्यावं लागतं. १ जानेवारी २०२४ ला नव्या कायद्याविरुद्ध ट्रक-टँकरचालक संपावर गेले, तेव्हा महाराष्ट्राने ते किती झटपट उरकलं, आठवा. सकाळी ज्या ग्रुपवर नववर्षाच्या शुभेच्छा पडत होत्या, त्याच ग्रुपवर संध्याकाळी ‘नाक्यावरचा पंप चालू आहे, लवकर या’ पडायला लागलं. त्या दिवशी ज्यांना ऐनवेळी काही सुचलं नाही आणि जे चार दिवस नुसते पायी फिरले, त्यांनी पुढच्या खेपेला तरी मागे राहू नये म्हणून हा लेखनप्रपंच.

सगळ्यात आधी, संप कशासाठी आहे हे चुकूनही वाचू नका. वाचायला बसलात तर रांगेतले पन्नास नंबर गेले. वाचलंच तर कळेल, की नव्या भारतीय न्याय संहितेत कलम १०६ चं दुसरं पोटकलम होतं. बेदरकार गाडी चालवून कुणाचा जीव गेला आणि चालक पोलिसांना किंवा दंडाधिकाऱ्यांना न कळवता पळाला, तर दहा वर्षांपर्यंत कैद आणि शिवाय दंड. जुन्या भारतीय दंड संहितेच्या ३०४-अ कलमात ती दोन वर्षांपर्यंत होती. चालकांचं म्हणणं, थांबलो तर जमाव जिवंत सोडत नाही आणि पळालो तर दहा वर्षं आत. म्हणणं ऐकण्यासारखं होतं, पण पंपावरच्या रांगेत एवढं ऐकायला कुणाला वेळ असतो? तिथे तुम्ही ‘सात लाख दंड आहे म्हणे’ एवढं ठोकून द्या. कायद्यात सात लाखांचा आकडा कुठेच नाही, पण रांगेत तो सगळ्यांना पाठ होता.

आता गणित. नाशिककडच्या आणि मराठवाड्याच्या वाचकांना मनमाडजवळची पानेवाडी माहीत असते. तेल कंपन्यांचे डेपो तिथे आहेत आणि त्या बाजूच्या बऱ्याच मुलखाचं इंधन तिथूनच टँकरने निघतं. तिथले टँकर उभे राहिले. पण पंपाच्या जमिनीखालच्या टाकीत त्या घडीला माल होताच. नेहमीच्या विक्रीने तो पुरला असता किंवा निदान लवकर संपला नसता. नेहमीची विक्री म्हणजे काय, तर ‘शंभरचं टाक’. मुंबईत तेव्हा लिटरला १०६ रुपये ३१ पैसे भाव होता, म्हणजे शंभरात लिटरसुद्धा येत नव्हतं. बारा हजार लिटरच्या टँकरवर लिटर-लिटरने बारा हजार दुचाक्या निघतात. प्रत्येकाने पाच लिटर बसवायचं ठरवलं, की त्याच टँकरवर निघतात चोवीसशे. उरलेल्या नऊ हजार सहाशे लोकांपुढे ‘पेट्रोल नाही’ची पाटी लागते, तिचा फोटो निघतो, फोटो ग्रुपवर जातो आणि आणखी हजारजण घराबाहेर पडतात. पेट्रोल गावातून कुठेही गेलेलं नसतं. पंपाच्या टाकीतून निघून ते सोसायटीच्या पार्किंगमध्ये येऊन बसलेलं असतं. हे कळूनही जो घरी थांबेल तो वेडा. त्याला दुसऱ्या दिवशी खरंच पेट्रोल मिळत नाही, आणि आपण कसे शहाणे ते सिद्ध होतं.

रांगेत एकट्याने जाऊ नये. वडील कारमध्ये, आई स्कूटीवर, चिरंजीव बाइकवर, अशी तीन पंपांवर वाटणी करावी. कारवाल्याने एसी चालू ठेवावा. रांगेत दोन तास इंजिन घुरघुरत ठेवून आत घालायचं तेच जाळत बसणं दिसायला बावळटपणाचं दिसतं, पण पुढची गाडी सरकली की आपली बंद असता कामा नये. मधेच कुणीतरी सांगतो, ‘बायपासच्या पंपावर गर्दीच नाही.’ ताबडतोब रांग सोडा. बायपासला गर्दी नसते, कारण तिथलं दुपारीच संपलेलं असतं. मग परत या. तोवर तुमच्या जागेवर दोन रिक्षा आणि एक बुलेट उभी असते. त्यांच्याशी भांडायला नवरा-बायको दोघं असली तर बरं पडतं.

नंबर लागला की खरी कसोटी.

‘दादा, फुल्ल कर.’

‘काका, दोनशेचंच देतोय सगळ्यांना. मालकांनी सांगितलंय.’

‘अरे, रोजचा माणूस आहे मी इथला!’

तो पोरगा तुमच्याकडे बघतो. तुम्ही रोजचेच आहात, हे त्याला चांगलं माहीत असतं. रोज पन्नासचं टाकता, सुट्टे नाहीत म्हणता आणि ‘झीरो बघा’ म्हटलं तरी मोबाइलमधून मान वर काढत नाही, हेही माहीत असतं. पण मागून हॉर्न सुरू झालेले असतात, तो बिचारा घामाघूम झालेला असतो, वर पुन्हा त्याला घरी जायला त्याच्याच गाडीत पेट्रोल उरलंय की नाही देव जाणे. तो नोझल लावतो. नोझल खट्कन आपोआप थांबलं की तिथे थांबायचं नसतं. ‘अजून बसतंय, अजून बसतंय’ म्हणत गाडी डावी-उजवीकडे हलवावी, टाकीतली हवा बुडबुडत वर येऊ द्यावी, पुन्हा दाबायला लावावं. पेट्रोल काठापर्यंत येऊन चमकायला लागलं, की वाकून आत डोकवावं. अंधार असेल तर मोबाइलचा टॉर्च मारावा, ‘मोबाइल वापरू नये’ ही पाटी डोक्यावरच असते, तिचा उजेड पडत नाही. मग झाकण लावताना थोडं टाकीवरून सीटवर, सीटवरून पँटवर. रुमालाने टिपून रुमाल खिशात. घरी गेल्यावर वासावरूनच सगळ्यांना कळतं, मोहीम फत्ते!

चंदीगडचं प्रशासन मात्र अगदीच रूक्ष निघालं. २ जानेवारीलाच त्यांनी हुकूम काढला: दुचाकीला एका वेळी दोन लिटर, कमाल दोनशे रुपये; चारचाकीला पाच लिटर, कमाल पाचशे. आपल्याकडे असं कुणी करायला गेलं तर आधी ‘आम्हाला सांगणारा तू कोण’ इथूनच सुरुवात होईल.

पर्यायी वाहनांचाही विचार करून ठेवावा. त्याच संपात हैदराबादला एक डिलिव्हरीवाला चक्क घोड्यावर बसून जेवण पोचवायला निघाला होता, आणि १९७३ च्या नोव्हेंबरात पेट्रोलचे भाव भडकले तेव्हा अटलबिहारी वाजपेयी बैलगाडीने संसदेत गेले होते. म्हणजे परंपरा आहे. सायकलही चालेल, फक्त ती गॅलरीतून खाली काढायची आणि तिच्यावरचे वाळत घातलेले कपडे दुसरीकडे घालायचे, एवढी तयारी हवी. खालच्या मजल्यावरच्या इलेक्ट्रिक स्कूटरवाल्याला त्या दोन दिवसांत टाळा. एरवी चार्जिंगच्या वायरवरून सोसायटीच्या मीटिंगमध्ये बोलणी खाणारा तो माणूस त्या आठवड्यात असा काही हसतो, की बघवत नाही. पुण्यातल्या सीएनजी रिक्षावाल्यांकडे मात्र शिकवणी लावायला हरकत नाही. रांगेत झोपायचं कसं, चहा कुणाला आणायला पाठवायचा आणि मधे घुसणाऱ्याला नुसत्या नजरेने मागे कसं पाठवायचं, हे सगळं त्यांना बारमाही येतं.

या सगळ्यात कुणी बाई सांगेल, की सासऱ्यांना डायलिसिसला न्यायचंय, लिटरभर तरी द्या. जागा देऊ नका असं म्हणवत नाही. पण त्या दिवशी रांगेतल्या प्रत्येकालाच कुणाला ना कुणाला दवाखान्यात न्यायचं होतं, तेव्हा तिची गोष्ट कुणाला खरी वाटणार?

२ तारखेच्या रात्री दिल्लीत केंद्रीय गृहसचिवांशी वाहतूकदारांच्या संघटनेची बोलणी झाली. संघटनेशी चर्चा केल्याशिवाय हे पोटकलम लागू करणार नाही, असं सरकारने सांगितलं आणि चालकांना कामावर परतायचं आवाहन झालं. पुढे १ जुलै २०२४ ला नवी संहिता लागू झाली, ती हे पोटकलम तेवढं बाजूला ठेवूनच. चालकांचं काम झालं. तुमच्या गाडीला मात्र त्या आठवड्यात पंपाचं तोंड बघायची गरज पडली नाही. कसे दोन दिवस काढले, हे ऑफिसात सांगायला तुम्ही मोकळे.

राहता राहिली ती बाटली. पंपावर बाटलीत पेट्रोल देत नाहीत, तरी ओळखीने मिळवलेली, दोन लिटरच्या कोल्ड्रिंकची, स्वयंपाकघरात सिंकखाली फिनेलशेजारी ठेवलेली. पेट्रोलची वाफ हवेपेक्षा जड असते, जमिनीलगत सरकत जाते आणि शून्याखाली चाळीस अंशांनाही ठिणगी मिळाली तर पेटते, असं शाळेत शिकलेली मुलगी तुम्हाला सांगेल. तिला गप्प करा, पुढचा संप कधी होईल सांगता येत नाही. फक्त आईंना सांगून ठेवा, की संध्याकाळी देवापुढे निरांजन लावायच्या आधी सिंकखालचं दार नीट लोटलंय का बघत जा.